मदत हवी आहे: मेणवलीच्या घाटाच्या फोटोचं ऑइल पेंटिंग करायचंय, फिल्टर मारला की प्लॅस्टिक दिसतंय

कढीपत्ता

नमस्कार मंडळी. थंडीत वाईला गेलो होतो तेव्हा मेणवलीला सकाळी सकाळी जाऊन घाटाचे बरेच फोटो काढले, नाना फडणवीसांच्या वाड्यामागून नदीकडे उतरतो ना तोच घाट, पाण्यावर धुकं होतं, काळ्या दगडाच्या पायऱ्या, देवळाचं शिखर, खाली एक बाई कपडे धुतेय, एकदम चित्रच. आता हॉलमधल्या सोफ्याच्या मागची भिंत रिकामी आहे तिथे मोठा कॅनव्हास लावायचाय, पण नुसता फोटो नको, रंगवल्यासारखं काहीतरी पाहिजे. चित्रकला मला येत नाही, शाळेत एलिमेंटरीला सी ग्रेड होती, म्हणून सॉफ्टवेअरनेच काय ते.

भाऊ सध्या घरी आलाय त्याच्या लॅपटॉपवर फोटोशॉप आहे, त्यात ऑइल पेंट फिल्टर मारून बघितला. आभाळ आणि झाडं मस्त येतात पण पायऱ्यांच्या पार शेवया होतात, आणि सगळ्यावर एक चमक येते ती तर अजिबात बघवत नाही. दुसरं म्हणजे बाबांनी ग्रुपवर टाकलेला तोच फोटो घेऊन सेम आकडे ठेवले तर वेगळंच दिसतं, हे का ते कळत नाही. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ट्रायल टाकली तर ऑइल पेंट राखाडीच, क्लिकच होत नाही. गिंप (फुकटवालं फोटो एडिटिंग सॉफ्टवेअर) आहे माझ्याकडे, त्यात होईल का? फोटो मोबाईलचा आहे, १२ मेगापिक्सेल. कॅनव्हास साधारण २४ बाय १६ इंच हवाय.

कोणी केलंय का असं? नीट सांगा प्लीज, शॉर्टकट असेल तर तोही चालेल 🙂

चहाबाज

सोप्पंय. कुठल्याही एआयवाल्या ॲपमध्ये फोटो टाका आणि ऑइल पेंटिंग कर म्हणा, मिनिटात देतो. एवढं फोटोशॉप वगैरे कोण करत बसतंय आता.

कढीपत्ता

@चहाबाज, करून बघितलं हो. दिसायला भारी होतं पण त्याने नदीपलीकडे पण घाट बांधून दिला आणि त्या बाईच्या हातात कपड्यांऐवजी घागर दिली. आईने बघितलं आणि म्हणाली हे कुठलं गाव. मला मेणवलीच पाहिजे.

रात्रपाळी

हाहा, घागर. बरं, आधी शेवयांचं सांगतो.

फोटोशॉपचा ऑइल पेंट हा प्रत्येक ठिकाणी कडा कुठल्या दिशेने चाललीय ते बघतो आणि त्या दिशेने ब्रशचा फटकारा ओढतो. जिथे स्वच्छ कड आहे, समजा शिखराची बाजू किंवा झाडाचं खोड, तिथे झकास. पण जुना दगड म्हणजे नुसता बारीक खडबडीतपणा, त्यात मोबाईलने सावलीत काढलेला फोटो म्हणजे नॉइज (नको असलेले बारीक ठिपके) आलाच, तिथे धड दिशाच नसते मग फिल्टर मनाला येईल तिकडे वळतो. म्हणून फिल्टरच्या आधी फोटो साफ करायचा. कॅमेरा रॉ फिल्टरमध्ये जाऊन नॉइज रिडक्शन बऱ्यापैकी वाढवा, क्लॅरिटी आणि टेक्स्चर उणे करा, शार्पनिंग शून्य. फोटो म्हणून तो तेव्हा एकदम मऊ आणि बेकार दिसेल, दिसू दे. लोक नेमकं उलटं करतात, आधी एचडीआर करून करकरीत करतात आणि मग पेंटिंग करायला घेतात.

चमक म्हणताय ती त्याच खिडकीत खाली लायटिंग म्हणून आहे, त्याची खूण काढून टाका किंवा शाइन अगदी शून्याजवळ आणा. तो रंगाचा जाड थर दाखवायला खोटा उजेड टाकतो. प्लॅस्टिक दिसण्याचं निम्मं कारण तेच.

आकडे सेम आणि रिझल्ट वेगळा, कारण ब्रशचा आकार पिक्सेलमध्ये मोजला जातो. तुमचा मूळ फोटो ४००० बाय ३००० चा, व्हॉट्सॲपवरून आलेला त्याच्या निम्म्याहून लहान, त्यामुळे तेवढाच ब्रश लहान फोटोत राक्षसी दिसणार. व्हॉट्सॲपवाला फोटो वापरूच नका, केबलने मूळ फाइल घ्या, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि छापायच्या साइजला आधी आणा, फिल्टर त्याच्यानंतर.

राखाडी दिसतंय ते ग्राफिक्स कार्डामुळे असणार, प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्सच्या खाली ग्राफिक्स प्रोसेसर चालू आहे का बघा. तिथेही राखाडी असेल तर जुन्या मशीनवर नाद सोडा. इमेज सीएमवायके (छपाईच्या शाईचे रंग) मोडमध्ये असली तरी असंच होतं, आरजीबी (स्क्रीनचे रंग) करून बघा.

कढीपत्ता

बापरे, एवढं कोणीच सांगितलं नव्हतं, धन्स! ग्राफिक्स प्रोसेसरची खूणच लागत नाहीये, म्हणजे माझा लॅपटॉप बाद. भाऊ आहे तोवर त्याचा वापरते. लायटिंग बंद केल्यावर खरंच प्लॅस्टिक गेलं. शेवया कमी झाल्यात, गेल्या नाहीत.

पाटीपेन्सिल

मी शाळेत चित्रकला शिकवतो, सॉफ्टवेअर जेमतेम येतं, पण हा प्रश्न मला सॉफ्टवेअरचा वाटतच नाही.

तुम्ही अख्ख्या फोटोला एकच फिल्टर एकाच मापाने लावताय. कुठलाही चित्रकार असं रंगवत नाही हो. आभाळाला रुंद ब्रश, पाण्याला आडवे लांब फटकारे, आणि जिथे बघणाऱ्याची नजर थांबवायचीय तिथेच बारीक काम. तुमच्या फोटोत नजर कुठे थांबायला हवी? मला विचाराल तर ती कपडे धुणारी बाई आणि तिच्या मागच्या चार पायऱ्या. बाकीचा घाट धुक्यात विरघळला तरी चालेल, उलट बरंच. एक जुनी युक्ती सांगतो, डोळे अर्धवट मिटून फोटो बघा. जे तरीही दिसतं ते ठेवायचं, जे नाहीसं होतं ते रंगवायचं नाही. शिखराजवळून विजेची तार गेली असेल, काठाला प्लॅस्टिकची बाटली असेल, ते फिल्टर तुम्हाला तेलरंगात काढून देईल! ते आधी काढा.

दुसरं, सावली. फोटोत काळ्या पाषाणाची सावली म्हणजे सपाट काळा डाग असतो. सकाळच्या उजेडात ती काळी नसते, निळसर जांभळी असते, आणि ऊन पडलेल्या कडेला दगड चक्क पिवळट तपकिरी दिसतो. शॅडो थोड्या उचला आणि त्यात निळा मिसळा, काय तुमचं ते कर्व्ह का कलर बॅलन्स. एवढ्याने सुद्धा फोटोपणा जातो.

आणि जमलं तर एकदा कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियमला जाऊन आबालाल रहिमानांची चित्रं बघा. पाणी, काठ, झाडं, हेच विषय त्या माणसाने आयुष्यभर कोल्हापुरात हिंडून रंगवले. मोबाईलवर बघू नका, समोर उभं राहून बघा, किती कमी काढलंय ते लक्षात येतं.

घाटमाथा

पाटीपेन्सिल सरांना अनुमोदन. वाखू (वाचनखूण) साठवली.

रात्रपाळी

सर बोलले तेच फोटोशॉपमध्ये करायची रीत सांगतो, मी नेहमी अशीच करतो. साफ केलेल्या लेयरच्या तीन कॉपी करा, तिन्ही स्मार्ट ऑब्जेक्ट करून ठेवा म्हणजे फिल्टरचे आकडे नंतर बदलता येतात. सगळ्यात खालच्या कॉपीला ऑइल पेंट एकदम रांगडा, स्टायलायझेशन आणि स्केल (त्याच खिडकीतल्या पट्ट्या) दोन्ही चढे, त्यात पायऱ्या ओळखू आल्या नाहीत तरी चालेल. मधल्या कॉपीला मध्यम. वरच्या कॉपीला अगदी हलका, स्टायलायझेशन एक-दोनच्या आसपास, स्केल अर्ध्याच्याही खाली. मग मधल्या आणि वरच्या लेयरला काळा मास्क (लेयरचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा पडदा) लावायचा, म्हणजे दोन्ही गायब, फक्त रांगडं चित्र दिसेल. आता पांढरा रंग घेऊन मऊ ब्रशने मधल्याच्या मास्कवर घाट आणि देऊळ उघडा, वरच्याच्या मास्कवर फक्त ती बाई आणि तिच्याजवळच्या पायऱ्या. ब्रशची ओपॅसिटी ३०-४० ठेवा आणि दोन-तीनदा फिरवा, एकदम उघडलं की जोड दिसतो. मास्कवर फिरवायला गोल ब्रशऐवजी ब्रिसलवाला खरखरीत ब्रश घेतला तर जोडच फटकाऱ्यासारखा दिसतो, ही आपली खास टीप, फुकट.

एवढं झालं की वर एक कोरा लेयर घ्या आणि मिक्सर ब्रश. वरच्या पट्टीत सॅम्पल ऑल लेयर्सची खूण करा, ब्रशमध्ये रंग भरायचा पर्याय बंद ठेवा, वेट थोडं जास्त. म्हणजे तो नवा रंग टाकत नाही, खालचाच रंग ओढतो. उरलेल्या शेवयांवरून पायरीच्या दिशेने आडवा हात मारा, पाण्यातल्या प्रतिबिंबावर आधी उभा मग हलका आडवा. चित्रकला यायला लागत नाही याला, फक्त दिशा पाळायची. माउसने होतं, पेन टॅबलेट असेल तर दुधात साखर.

गिंपवाल्यांसाठी: फिल्टर्समध्ये आर्टिस्टिकच्या खाली ऑइलिफाय आहे तो अगदीच ठोकळेबाज, एकट्याच्या जिवावर काही होत नाही. त्यापेक्षा जी-मिक हे फुकट प्लगइन टाका, त्यात कुवाहारा आणि ब्रशिफाय बघा. कुवाहारा म्हणजे प्रत्येक बिंदूभोवतीचे चार चौकोन तपासून ज्यात रंगाची चढउतार सगळ्यात कमी तिथली सरासरी घेतो, म्हणून आतला भाग सपाट होतो पण कड शाबूत राहते. गंमत म्हणजे ही युक्ती १९७० च्या दशकात हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमांमधला नॉइज घालवायला काढलेली, चित्राबित्राशी काही संबंध नव्हता. ब्रशिफाय छान आहे पण मोठ्या फोटोवर जुन्या लॅपटॉपला घाम फुटतो, सुरू करून जेवायला जा. तीन लेयर आणि मास्कची रीत गिंपमध्ये जशीच्या तशी चालते. मिक्सर ब्रशच्या जागी क्रिटा हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर घ्या, तेही फुकट आहे, त्यातले कलर स्मजवाले ब्रश मला तर फोटोशॉपपेक्षा आवडतात.

चहाबाज

एवढ्या वेळात एक चित्रकार शोधून त्यालाच सांगितलं असतं की 😄

पाटीपेन्सिल

@चहाबाज, हे मात्र लाखात एक बोललात. वाईतच दर हिवाळ्यात कोणी ना कोणी घाटावर बोर्ड लावून बसलेलं असतं.

कढीपत्ता

@चहाबाज, बजेट बघा ना माझं.

तीन लेयरवालं जमलं!! बाई एकदम उठून आली आणि मागचा घाट धुक्यात गेला, भाऊ म्हणतो हे तू केलंस यावर विश्वास बसत नाही. तार काढली. सावल्यांमध्ये निळा टाकला, पहिल्यांदा जास्त झाला आणि सगळं होळीनंतरचं दिसायला लागलं, मग कमी केला. एक प्रॉब्लेम, आभाळात आता पट्टे पट्टे दिसतायत, रंग एकसारखा उतरत नाहीये. आणि छापायला देताना काय सांगायचं?

छापखाना

मी कॅनव्हास प्रिंटच्याच धंद्यात आहे, जाहिरात नाही करत, छापण्याचं तेवढं सांगतो.

पट्टे: आभाळ फार गुळगुळीत झालं की ८ बिटमध्ये (म्हणजे रंगाच्या मोजक्याच छटा) असं होतं. नॉइज घालवलात ना, आता शेवटी सगळ्यावर अगदी किंचित ग्रेन (बारीक दाणे) परत टाका, एक-दोन टक्के, पट्टे मोडतात. विचित्र वाटेल पण रोजचं काम आहे.

साइज: मोबाईलचा फोटो ४:३ चा असतो आणि तुम्ही २४ बाय १६ म्हणताय, ते ३:२ आहे. म्हणजे वरून-खालून कापलं जाणार, शिखर जाईल नाहीतर बाई जाईल. २४ बाय १८ घ्या, काहीच कापायला लागणार नाही. ४००० पिक्सेल २४ इंचावर म्हणजे इंचाला १६६ पडतात. लोक ३०० पाहिजेच म्हणून हटून बसतात, ते हातात धरून बघायच्या अल्बमसाठी. सोफ्यामागे, कापडावर, त्यात पेंटिंगचा इफेक्ट, १५० च्या वर असलं की बिनधास्त.

कॅनव्हास टेक्स्चर नावाचा फिल्टर असतो तो लावू नका. कापडाची वीण खऱ्या कापडाला असतेच, वर छापलेली वीण आली की दोन जाळ्या एकमेकींवर पडतात आणि फार वाईट दिसतं. हे सांगून सांगून थकलो.

रंग: फाइल एसआरजीबीमध्येच (स्क्रीनचा नेहमीचा रंगप्रकार) द्या, स्वतः सीएमवायके करू नका. जेपेग सगळ्यात वरच्या क्वालिटीला किंवा टिफ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्क्रीन मागून उजळलेली असते, कापड नसतं, त्यामुळे छापून आलं की गडद वाटतंच. तुमच्या चित्रात काळा दगड आहे म्हणजे जास्तच. मोठं छापायच्या आधी पायऱ्या आणि बाई एवढाच तुकडा आठ बाय दहाचा मागवा, त्याच कापडावर, फोटो पेपरवर नाही. तो त्याच भिंतीवर टेकवून दिवसा बघा आणि ट्यूब लावून पण बघा.

कढीपत्ता

@छापखाना, ग्रेन टाकल्यावर पट्टे गेले! २४ बाय १८ च करते मग. शेवटचा प्रश्न, दुकानवाला म्हणतोय कापड लाकडी फ्रेमवर मागे दुमडून लावणार, मग कडेचं चित्र जाणार का? बाई डाव्या कडेला बऱ्यापैकी चिकटून आहे.

छापखाना

जाणार. पट्टी किती जाडीची ते त्याला विचारा, साधारण दीड इंच असते, मागे खिळायला अजून थोडं लागतं, म्हणजे चारही बाजूंनी दोन-दोन इंच धरा. समोर २४ बाय १८ च दिसायला हवं असेल तर फाइल २८ बाय २२ ची लागेल. दोन मार्ग आहेत, कडेचं चित्र आरशासारखं उलटवून बाहेर वाढवायचं, किंवा कड सरळ एका गडद रंगाची ठेवायची. तुमची बाई कडेला असेल तर आरसा नको, बाजूने बघितलं तर दोन बायका दिसतील. साधा गडद राखाडी घ्या, दगडातलाच उचला.

कढीपत्ता

दोन बायका 😂 राखाडीच. आठ बाय दहाचा तुकडा उद्या टाकते छापायला, आला की इथे प्रचि (फोटो) टाकेन.