काळ्या मातीत चालेल अशी साउंड कार्ट कशी बांधावी?

राळेगावकर:
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आमच्याच तालुक्यात एका मालिकेचं वीस दिवसांचं आउटडोअर आहे, साउंड माझ्याकडे. झूम एफ८एन रेकॉर्डर, बूमला म्हणजे लांब दांडीला ४१६ माइक अन् कपड्याला लावायचे चार वायरलेस लेपल माइक, एवढं घरचं सामान. आजवर बॅग खांद्याला लावूनच काम केलं, आता साउंड कार्ट, म्हणजे हे सगळं सामान मांडून ओढत न्यायची चाकांची गाडी, बांधायची आहे. मागच्या हिवाळ्यात एकदा सामान ठेवायला साधी ट्रॉली नेली, ती पऱ्हाटीच्या वावरात धुऱ्यावर कलंडली. माइकच्या एक्सएलआर वायरचं टोक वाकलं अन् एका म्हातारीच्या टेकमध्ये खरखर शिरली. ती माउली खरंच रडून बोलली होती. डबिंगमध्ये तसं परत आलं नाही, ते अजून मनाला लागून आहे. चाकं, बॅटरी अन् ऊन, या तिन्हींचं सांगा. पैसा जेमतेम आहे.

वर्धेचा बूमवाला:
भाऊ, खुर्चीला असतात तसली बारीक चाकं लावूच नका. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, चाक त्यातच अडकतं. हवेची दहा इंची चाकं घ्या, खालचे दणके ती झेलतात. बाभळीच्या काट्यानं पंक्चर ठरलेलंच, म्हणून एक जास्तीची ट्यूब अन् पंप गाडीत ठेवा. भरीव चाकं पंक्चर होत नाहीत, पण हादरा थेट रेकॉर्डरपर्यंत जातो. सगळ्यात जड वस्तू, म्हणजे बॅटरी, अगदी तळाला बांधा. तुमची ट्रॉली वरून जड असेल म्हणूनच कलंडली.

नागपूर साउंड:
बॅटरी लिथियम फेरो फॉस्फेटची घ्या, १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तास. एफ८एन बाहेरून ९ ते १८ व्होल्ट घेतो, त्यामुळे ती थेट चालते. रेकॉर्डर अन् लेपलचा सिग्नल पकडणारे रिसीव्हर मिळून अडीच अँपिअर ओढत असतील तर हिशेबानं आठ तास होतात, मी सहाच धरतो. प्रत्येक वायरला वेगळा फ्यूज हवा. एका रिसीव्हरचं शॉर्ट झालं म्हणून अख्खी कार्ट बंद पडू नये. टेक चालू असताना जनरेटरवरून काही चालवू नका, गुणगुण येते. अन् हे नीट ऐका: ४५ अंशांच्या वर ही बॅटरी चार्ज करायची नसते, आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही पारा तिथवर जातो. रात्री लाइन आली की घरात चार्ज करा. गावात लाइनचा भरवसा नाही, म्हणून बॅटऱ्या दोन.

वर्धेचा बूमवाला:
उन्हासाठी वरून पांढरं धोतर ताणा, पण सामानापासून वीतभर वर, मधून हवा खेळली पाहिजे. अँटेना दांड्यावर सात फूट उंच न्या. माणसाचं अंग सिग्नल खातं, अन् गावातल्या शूटला बघ्यांची भिंतच उभी राहते.

राळेगावकर:
लय उपकार झाले. आज लोहाराकडे जाऊन आलो. तो लोखंडी अँगल म्हणत होता, मी एक इंची चौकोनी पाइप सांगितला, दोघांना उचलून धुरा ओलांडता आला पाहिजे. बॅटरीचा कप्पा तळाला, जमिनीपासून आठ इंचांवर. शनिवारी सांगाडा मिळतो, मग रिकामाच वावरातून ओढून पाहतो.