अनुभव धागा : एमबीएच्या प्रवेशाची तयारी कशी केली आणि नेमके काय उपयोगी पडले?

एमबीए करू इच्छिणाऱ्या मुलामुलींना सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यातला बहुतेक सल्ला पर्सेंटाइलभोवतीच फिरतो. नोव्हेंबरच्या अखेरीस कॅट (आयआयएमच्या प्रवेशाची परीक्षा), डिसेंबरात तिचा निकाल, जानेवारीत झॅट (एक्सएलआरआय व इतर काही संस्थांची परीक्षा), मग मुलाखती आणि पुढे राज्याची सीईटी, अशा या काळात घरातली बोलणीसुद्धा आकड्यांतच होतात. माझ्या धाकट्या भावाची तयारी मी जवळून पाहिली. उतारा वाचण्याची रीत, दाखल्यांची जमवाजमव, मुलाखतीत स्वतःच्या कामाबद्दल व गावाबद्दल नीट बोलता येणे आणि पैशांची व्यवस्था या गोष्टी क्लासच्या वेळापत्रकात नसतात, पण प्रवेश कित्येकदा त्यांच्यावरच अडतो किंवा मार्गी लागतो, असे माझे ठाम मत झाले आहे. म्हणून या विषयावरील अनुभव येथे मागवत आहे. कोणत्या संस्थेत प्रवेश मिळाला हे सांगितले नाही तरी चालेल. काय केले, ते का केले आणि त्याने काय फरक पडला, एवढे मात्र सविस्तर लिहावे, ही विनंती.

लातूर, यंत्र अभियंता

माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, त्यामुळे कॅटच्या इंग्रजी विभागाचीच मला धास्ती होती. या विभागात अलीकडे 24 प्रश्न असतात आणि त्यांपैकी 16 प्रश्न चार उताऱ्यांवर असतात, म्हणजे शब्दसंग्रहाची पुस्तके पाठ करून फारसे काही हाती लागत नाही. उतारे इतिहास, तत्त्वज्ञान, पर्यावरण, कला अशा विषयांवरचे असतात आणि अभियांत्रिकीच्या चार वर्षांत त्यांच्याशी आपला काडीचाही संबंध आलेला नसतो. मी रोज अशा विषयावरचा एक दीर्घ इंग्रजी लेख वाचू लागलो आणि प्रत्येक परिच्छेदानंतर थांबून, लेखक येथे काय सिद्ध करू पाहतो आहे, हे वहीत मराठीत एका वाक्यात लिहू लागलो. मराठीत लिहिण्याचा फायदा असा, की मूळ वाक्यातले शब्दच उचलून ‘समजले’ असे स्वतःला पटवता येत नाही. अर्थ खरोखर कळलेला असेल तरच वाक्य उतरते.

चुकीचे पर्याय कसे रचलेले असतात, हेही त्या वहीमुळेच दिसू लागले. समजा, कारखान्यांच्या शहरांत राहू लागल्यावर माणसांची वेळेकडे पाहण्याची दृष्टी बदलली, असे उताऱ्यात म्हटले आहे. मग एक पर्याय म्हणतो, की कारखान्यांमुळेच घड्याळे प्रचारात आली. दुसरा म्हणतो, की खेड्यांतील माणसांना वेळेचे भान नव्हते. दोन्ही ऐकायला पटण्यासारखे आहेत, परंतु पहिल्याने कारण बदलले आहे आणि दुसऱ्याने विधान ताणले आहे. ‘फक्त’, ‘नेहमी’, ‘पूर्णपणे’ अशा अर्थाचे शब्द पर्यायात आले, की मी उताऱ्याकडे परत जाऊन त्यांना आधार शोधत असे. बहुतेक वेळा तो नसे. मराठी माध्यमातल्या मुलांना मी कळकळीने सांगेन, की या विभागात इंग्रजी बोलण्याचा सराईतपणा लागत नाही. येथे युक्तिवादाचा माग काढावा लागतो, आणि तो कोणत्याही माध्यमातल्या मुलाला सरावाने जमतो.

नाशिक, नोकरी करून तयारी

वरील प्रतिसादाला पूरक म्हणून कॅटच्या तर्क व विदाविश्लेषणाच्या (आकडेवारी तपासण्याच्या) विभागाबद्दल लिहितो. चाळीस मिनिटांत चार-पाच संच, म्हणजे एकाच माहितीवर आधारलेल्या प्रश्नांचे गट, समोर येतात आणि ते सगळे सोडवणे अपेक्षितच नसते. पहिली पाच-सहा मिनिटे पेन खाली ठेवून सर्व संच वाचायचे, माहिती कशात बंदिस्त आहे आणि कशात सुटी-सुटी आहे ते पाहायचे, आणि मगच संच निवडायचा, ही शिस्त मी सराव परीक्षांमध्ये लावून घेतली. दोन संच पूर्ण आणि तिसरा निम्मा सुटला तरी स्थिती चांगली राहते. ज्या प्रश्नांत पर्याय नसून उत्तर टंकायचे असते, त्यांना ऋण गुण नसतात. त्यामुळे संच अर्धवट सुटला असला तरी ते प्रश्न कोरे सोडू नयेत. नोकरी सोडून तयारी करावी का, असे मला अनेक जण विचारतात. घरची अगदीच निकड नसेल तर सोडू नये, असे माझे मत आहे, कारण मुलाखतीत त्या रिकाम्या महिन्यांचा हिशेब मागितला जातो.

चंद्रपूर, इतर मागास प्रवर्ग

माझा अनुभव दाखल्यांचा आहे, आणि तो मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण आमच्याकडच्या अनेक मुली अभ्यासात कमी न पडता येथे अडकतात.

पहिली गोष्ट म्हणजे केंद्राचे आणि राज्याचे दाखले वेगळे असतात. आयआयएमसाठी इतर मागास वर्गाचे नॉन-क्रीमीलेयर (प्रगत गटात मोडत नसल्याचे) प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यात लागते. राज्याच्या सीईटीनंतरच्या प्रवेशप्रक्रियेत राज्याच्या नमुन्यातील नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र आणि त्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्रही (जातीचा दाखला तपासून समिती देते ते) लागते. आपली जात राज्याच्या यादीत असली तरी केंद्राच्या यादीत असेलच असे नाही, म्हणून कॅटचा अर्ज भरताना प्रवर्ग निवडण्यापूर्वी केंद्राची यादी उघडून तीत आपल्या जातीची नोंद नेमकी कशी आहे, ते पाहावे. राज्यातील एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गाचे आरक्षण आयआयएमच्या प्रवेशात लागू होत नाही, हेही तेथे पोहोचल्यावरच कळलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट जात वैधतेची. इतर मागास वर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा जिल्ह्याची पडताळणी समिती पाहते. अनुसूचित जातींसाठी ही तारीख 1950 मधली आहे. माझ्या आजोबांची शाळा चौथीपर्यंतच झाली होती. त्या जिल्हा परिषद शाळेत जाऊन आम्ही मुख्याध्यापकांकडे दाखलखारीज रजिस्टर (शाळेत आलेल्या व शाळा सोडलेल्या मुलांची नोंदवही) काढून पाहण्याची विनंती केली. रजिस्टरची पाने कडेने झिजलेली होती, शाई तपकिरी झाली होती, आणि आजोबांच्या नावापुढे जातीचा रकाना स्पष्ट भरलेला असला तरी आडनावाच्या जागी गावातले प्रचलित नाव होते. तो उतारा, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, वंशावळीचे शपथपत्र आणि ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे वेगळे शपथपत्र, असा संच करून आम्ही अर्ज दाखल केला. शाळेत नोंद सापडत नसेल, तर तहसील कार्यालयात जुन्या कोतवाल बुकाची (गावातील जन्ममृत्यूच्या नोंदवहीची) नक्कल मागता येते, हे तेथील एका लिपिकभाऊंनी आपणहून सांगितले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

हे सगळे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच हाती घ्यावे, कारण समितीला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो आणि प्रवेशफेरीची तारीख आपल्यासाठी थांबत नाही.

पुणे, वाणिज्य शाखा

मी फक्त राज्याची सीईटी दिली, आणि तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. घरची परिस्थिती पाहता मला महाराष्ट्रातच, शक्यतो शासकीय किंवा विद्यापीठाच्या संस्थेत शिकायचे होते. मुंबईची जमनालाल बजाज संस्था, सिडनहॅम आणि पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापनशास्त्र विभाग ही नावे मी डोळ्यांसमोर ठेवली होती. मी दिलेल्या परीक्षेत 150 मिनिटांत 200 प्रश्न होते, म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट. ऋण गुण नव्हते. कॅटमध्ये सोडायचे काय हे ठरवावे लागते, येथे काहीच सोडायचे नसते. मी सरावात वेळ लावून तर्काचे प्रश्न आधी संपवण्याची सवय केली आणि शेवटची पाच मिनिटे उरलेली उत्तरे भरण्यासाठी राखून ठेवली.

निकालानंतरचा पसंतीक्रम हा दुसरा महत्त्वाचा टप्पा. मुलाखत नसल्यामुळे सर्व काही गुणांवर आणि या क्रमावर ठरते. मागच्या वर्षीचे कट-ऑफ पाहून ‘आपल्याला मिळेल’ अशी संस्था वर टाकण्याचा मोह होतो. ते करू नये, कारण पहिल्या पसंतीची जागा मिळाली की पुढच्या फेरीचा मार्ग बंद होतो. खरोखर हवी ती संस्था वर, मग पुढची, असा प्रामाणिक क्रमच हिताचा असतो. खुल्या प्रवर्गातील ज्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे, त्यांनी राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर अर्ज जरूर करावा. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या मुलांना शिक्षणशुल्काच्या निम्म्या रकमेचा आणि 2024-25 पासून मुलींना पूर्ण शिक्षणशुल्काचा आधार मिळतो.

इचलकरंजी, यंत्रमाग व्यवसायातील कुटुंब

मुलाखतीबद्दल लिहितो. सराव मुलाखतींमध्ये ‘एमबीए का?’ या प्रश्नाचे जे उत्तर मला बसवून देण्यात आले होते, त्यात नेतृत्व, दृष्टी, सर्वांगीण विकास असे सगळे होते आणि मी मात्र कुठेच नव्हतो. ते बाजूला ठेवून मी महिनाभर आमच्या कारखान्यात वडिलांच्या शेजारी हिशेबाला बसलो.

आम्ही खर्चीवाले. व्यापारी सूत देतो, आम्ही कापड विणून देतो आणि मजुरी घेतो. ही मजुरी पिकावर, म्हणजे कापडाच्या एका इंचात किती आडवे धागे बसतात त्यावर, मीटरमागे ठरते. मुलाखतीत पहिल्याच मिनिटाला अर्जातील गावाचे नाव पाहून एका प्राध्यापकांनी विचारले, की सुताचा भाव पडला तर तुम्हाला फायदा होतो का. मी म्हणालो, की सूत आमचे नसल्यामुळे थेट फायदाही नाही आणि तोटाही नाही. पण भाव घसरत असताना व्यापारी माल उचलायला उशीर करतो, बिलाची मुदत लांबते आणि कामगारांचा पगार तर आठवड्याला द्यावाच लागतो, त्यामुळे झळ बसते ती खेळत्या भांडवलाला. पुढचा सगळा वेळ याच विषयावर गेला : स्वतः सूत घेऊन विणणे का परवडत नाही, विजेच्या दराचा वाटा किती, साधे माग काढून शटललेस (धोट्याविना चालणारे) माग घेतले तर कर्जाचा हप्ता किती मीटर कापडातून निघेल. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी समोरच कागदावर आकडे मांडून काढले. एमबीए का, हे त्यांनी वेगळे विचारलेच नाही.

शेती, किराणा दुकान, एसटीतली नोकरी, दूध संघ, असे जे काही तुमच्या घरात आहे, त्याचा पैसा कोठून येतो आणि कोठे अडकतो, हे मुलाखतीपूर्वी घरच्यांना विचारून घ्या. आपल्या घरातला धंदा सांगण्यासारखा नाही, असे आपल्या मुलांना वाटते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बंगळूरु, नोकरीत दहा वर्षांहून अधिक काळ, एका मुलीची आई

मी जीमॅट ही व्यवस्थापन प्रवेशाची आंतरराष्ट्रीय परीक्षा देऊन एक वर्षाच्या अभ्यासक्रमांसाठी अर्ज केले. परीक्षेचे नवे स्वरूप सव्वादोन तासांचे आहे, एकूण 64 प्रश्न, प्रत्येकी 45 मिनिटांचे तीन विभाग, आणि त्यांचा क्रम आपण निवडू शकतो. नवे गुण 205 ते 805 या पट्टीवर असतात. जुन्या परीक्षेतील 700 म्हणजे नव्या पट्टीवर साधारण 645, हे लक्षात न घेता जुने आकडे डोक्यात ठेवून निराश होऊ नये. गुण पाच वर्षे ग्राह्य राहतात, म्हणून लहान मूल असताना परीक्षा आधी देऊन ठेवणे मला सोयीचे गेले.

खरी मेहनत निबंधांना आणि शिफारसपत्रांना लागली. शिफारसपत्र कंपनीतील सर्वांत मोठ्या पदावरील व्यक्तीचे घ्यावे, असे मला सुचवले गेले होते. मी ते माझ्या थेट वरिष्ठांकडून घेतले, कारण एका अडलेल्या प्रकल्पात मी ग्राहकाशी कशी बोलणी केली, ते त्यांनी शेजारी बसून पाहिले होते. असा एक प्रसंग ज्याला लिहिता येतो, त्याच्याकडेच जावे.

सातारा, एका विद्यार्थिनीचे वडील

मुले पैशांविषयी लिहीत नाहीत, म्हणून मी लिहितो. अग्रगण्य आयआयएममधील दोन वर्षांचे शुल्क आता 25 लाखांच्या आसपास किंवा त्याहून अधिक आहे. एवढा आकडा ऐकून मुलीने अर्जच करायचा नाही असे ठरवले होते. साधारण नियमानुसार साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला तारण लागते आणि आमच्याकडे असलेली शेतजमीन पहिल्या बँकेने तारण म्हणून स्वीकारली नाही. मात्र निवडक नामांकित संस्थांसाठी काही सरकारी बँका विनातारण कर्ज देतात. त्या यादीत संस्थेचे नाव आहे का, हे शाखेत विचारावे, आणि शाखेला माहीत नसेल तर ज्या शाखेचा त्या संस्थेशी नियमित व्यवहार आहे, तेथे चौकशी करावी. आमचे काम असेच झाले.

परतफेड शिक्षण संपल्यानंतर सुरू होते, परंतु व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते. शक्य असेल तर शिक्षणाच्या काळात निदान व्याज तरी भरत राहावे. आयकराच्या जुन्या करप्रणालीत या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. कर्जाच्या कागदांसाठी पालकांचे आयकर विवरण, वेतनपत्रके व बँक खात्याचे उतारे लागतात. निवडीचे पत्र आणि शुल्काचा पहिला हप्ता यांच्यात दिवस थोडेच असतात, तेव्हा हे कागद मुलगी मुलाखती देत असतानाच पालकांनी एका फाइलमध्ये लावून ठेवावेत. कोणाला कागदांची यादी हवी असल्यास येथे विचारावे, मी सवडीने टंकून देईन.