बोअरमध्ये फ्लोराइड २.६ निघालंय, ग्रामपंचायतीने आरओ घ्यावा का?

शिलाईमशीन:
नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. घरी शिवणकाम करते, यंदा पहिल्यांदाच ग्रामपंचायतीवर निवडून आले. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायची पेटी देऊन शिकवतात, त्यातली मी एक.

गावाची टाकी ज्या बोअरवर भरते ते ४०० फुटांचं आहे. पाणी इतकं गोड की पाहुणे बाटल्या भरून नेतात. तुरीची डाळ तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी होते. त्यामुळे पेटीतलं फ्लोराइडचं औषध टाकल्यावर गुलाबी राहायच्या जागी पाणी पिवळं झालं, तेव्हा मला वाटलं माझंच काही चुकलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा पिवळं. मग नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवला. फ्लोराइड लिटरला २.६ मिलिग्रॅम, टीडीएस म्हणजे एकूण क्षार ५२०, बाकी ठीक. आणि गावाला पाणी सुरक्षित असल्याचं हिरवं कार्ड मिळालेलं आहे हो!

माझा धाकटा चौथीत आहे. त्याचे पुढचे दात आले तेच खडूसारखे पांढरे, आता त्यांवर तपकिरी आडव्या रेघा. ब्रश नीट करत नाहीस म्हणून मी त्याला दोन वर्षं बोलत होते. एकदा धपाटाही घातला. आता शाळेत गेले की मी पोरांचे दातच बघते. निम्म्यांचे तसेच आहेत.

बातमी फुटली तशी मागच्या आठवड्यात पाणी गाळून क्षार काढणारी आरओ मशीनं विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस ग्रामपंचायतीत आला. एका ग्लासात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याचं. दोन्हींत सळ्या बुडवल्या, बटण दाबलं. दोन मिनिटांत आमच्या ग्लासात तपकिरी-काळा गाळ, त्याचा ग्लास नितळ. "हे पिता तुम्ही." सरपंच हबकले. मशीन साडेसहा लाखांचं, वित्त आयोगाच्या पैशातून घ्यायचं म्हणतात. २० लिटरचा जार पाच रुपयांना. सोमवारी मीटिंग आहे. काय म्हणू?

तिखटमीठ:
आधी पोराची माफी मागा.

शिलाईमशीन:
मागितली. तो म्हणाला, मग आता ब्रश नाही केला तर चालेल का.

निवृत्त_परीक्षानळी:
ताई, मी तीस वर्षं पाण्याचे नमुने तपासले, आता नागपुरात नातवंडं सांभाळतो. सोमवार जवळ आहे म्हणून थोडं लांब लिहितो.

तो सळ्यांचा खेळ मी पन्नासदा पाहिलाय. सळी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि सळीच विरघळते. ग्लासातला गाळ म्हणजे त्याच्याच सळीचा गंज, तुमच्या पाण्यातली घाण नव्हे. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते नितळ. पुढच्या वेळी त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि बघा.

फ्लोराइडला रंग, वास, चव काही नाही. टीडीएस मीटरही त्याच्याबद्दल काही सांगत नाही, तो फक्त एकूण क्षार दाखवतो. आता तुमच्या डाळीचं. खडकातलं फ्लोराइड पाण्यात उतरायला त्या पाण्यात कॅल्शियम कमी लागतं. कॅल्शियम असेल तर ते फ्लोराइडला धरून ठेवतं. म्हणून फ्लोराइडवालं पाणी पुष्कळदा 'हलकं' असतं, साबणाला फेस येतो, डाळ पटकन शिजते. लोक ज्या गुणासाठी त्या बोअरवर खूश असतात, तीच खरं म्हणजे शंका घ्यायची खूण. खोल बोअरचं पाणी खडकाच्या सहवासात वर्षानुवर्षं राहिलेलं असतं, तिथे हे जास्त होतं. तुमचा आणि झरी जामणी तालुका, इकडे नांदेडचा किनवट, या पट्ट्यात हे जुनंच दुखणं आहे.

हिरव्या कार्डावर रागावू नका. ते कार्ड विहिरीजवळ गटार आहे का, पाइप गळतो का, टीसीएल, म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर, पडतं का यावर मिळतं. फ्लोराइडचा त्याच्याशी संबंध नाही.

आपल्या मानकात फ्लोराइड १ पर्यंत चांगलं आणि दुसरं पाणी नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्या असं आहे. तुमचं २.६ म्हणजे मुलांचे दात जाणारच, कारण दात हिरडीत तयार होतानाच ते बिघडतात. पुढे वर्षानुवर्षं प्यायलं तर सांधे आणि पाठ धरते. उकळू नका, उकळल्याने पाणी आटतं आणि फ्लोराइड उलट दाट होतं.

आरओने फ्लोराइड निघतं, हे मी नाकारत नाही. पण फेकलेलं पाणी कुठे जाणार? निम्मं पाणी टाकून दिलं तर त्यात फ्लोराइड जवळजवळ दुप्पट. ते शाळेमागच्या नाल्यात सोडणार का? मेम्ब्रेन, म्हणजे मशिनातली गाळणी, बदलायचे पैसे कोण देणार? बंद पडलेल्या मशिनांवर कोंबड्या बसलेल्या मी पाहिल्यात. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने तुरटी आणि चुन्याची नालगोंडा पद्धत काढली, तीही चालते, पण तिलाही रोज हात लावणारा माणूस हवा.

म्हणून माझा प्रश्न एकच. गावात जुनी उथळ विहीर आहे का?

लातूरचा_पाव्हणा:
मी फ्लोराइडवाला नाही, पण जारचं पाणी विकत घेणारा आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आमच्याकडे पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मांजरा धरण कोरडं होतं, पाणी भरायच्या जागांवर जमावबंदी होती. रेल्वे गेली, पाऊस आला, पण आमच्या गल्लीतला जार काही गेला नाही. माझी आई नळाचं पाणी फक्त भांड्यांना वापरते. एकदा पाच रुपयांची सवय लागली की नळाचं पाणी सुधारा म्हणून भांडायला कोणी येत नाही, हा माझा अनुभव.

नैरोबीकर:
केनियात रिफ्ट व्हॅलीच्या पट्ट्यात हेच. नाकुरूकडची माणसं हसली की कुठली आहेत ते कळतं. तिकडे जनावरांची हाडं भट्टीत जाळून त्या कोळशातून पाणी गाळतात, फ्लोराइड छान निघतं. आपल्याकडे हाडांतून गाळलेलं पाणी कोण पिणार, हे मी आधीच समजून घेतो.

शिलाईमशीन:
विहीर आहे! मारुतीच्या देवळामागे, दगडी बांधणीची, ४० फूट. वीस वर्षं कोणी पाणी भरलं नाही. निर्माल्य आणि गणपती तिच्यातच. सासूबाई म्हणाल्या, "आमी जलम काढला त्या पान्यावर. तवा कोनाचे दात असे होते वं?" काका, तुम्ही तीस वर्षांत शिकलात ते आमच्या म्हातारीला ठाऊक होतं.

नमुना दिला. फ्लोराइड ०.७. पण जंतू निघाले, आणि पाणी जड आहे, कठीणपणा ४६०. घरी आणून डाळ लावली, सात शिट्ट्या आणि तरी कणी राहिली. जावेने ताट सरकवलं.

निवृत्त_परीक्षानळी:
जंतूंना टीसीएल आहे. गाळ काढा, वरून जाळी बसवा, गणपती दुसरीकडे न्या. आणि सगळं पाणी विहिरीचं द्यायची गरज नाही. टाकीत एक भाग बोअर, दोन भाग विहीर मिसळलं तर २.६, ०.७, ०.७ मिळून सरासरी १.३ च्या आसपास येते. डाळही पाच शिट्ट्यांत होईल! मात्र दर महिन्याला तपासा. विहिरीचं पाणी उतरलं की प्रमाण बिघडतं.

शिलाईमशीन:
सोमवारचं सांगते. तो कंपनीवाला पुन्हा आला होता. मी घरून पुडीत मीठ नेलं आणि त्याच्या नितळ ग्लासात टाकलं. एका मिनिटात तोही तपकिरी. तो म्हणतो, "मॅडम, डेमो खराब करू नका." सरपंच हसायला लागले. विहिरीचा गाळ काढायचा ठराव झाला, आरओ पुढच्या मीटिंगवर.

पण विहीर एप्रिलात तळ गाठते. आणि एक गोष्ट माझ्याही डोक्यात आली नव्हती. आमच्या गावापासून दोन किलोमीटरवर कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे वस्ती आहे, टाकीचं पाणी तिथे जात नाही, एकच हापशी. काल पेटी घेऊन गेले. बोअरच्या पाण्याहून पिवळं झालं, हळदीसारखं. तिथे एक आजोबा बाजेवर बसले होते, उठताना त्यांना दोघांनी धरावं लागलं, पाठ सरळ होत नाही. मी विचारलं, कधीपासून? म्हणाले, वय झालं पोरी. त्यांच्या मुलाने वय सांगितलं, बावन्न.

हापशीला लाल रंग मारा असं वरून सांगतात. रंग मारला तर ते पिणार काय? काका, पोडाचा नमुना कुठे पाठवू, आणि तोवर त्यांना काय सांगू?

निवृत्त_परीक्षानळी:
भूजल सर्वेक्षणच्या जिल्हा प्रयोगशाळेत, एक लिटर, प्लॅस्टिकच्या बाटलीत, काचेच्या नको. तोवर तुमच्या विहिरीचं पाणी टीसीएल टाकून बैलगाडीवर टिपाडाने पाठवा, फक्त पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं. आंघोळीला हापशी चालेल. पोडाच्या वरच्या अंगाला झरा किंवा नाला असेल तर मला फोटो टाका.

शिलाईमशीन:
नाला आहे. उद्या सकाळी जाते, आज दोन ब्लाउज द्यायचे आहेत.