एचडी ६५० घेतला, आता ॲम्पवरही तेवढेच पैसे घालायचे का?

भाट्ये_पुळण (रत्नागिरी)
मावसभावाने वर्षभर पैसे साठवून सेनहायझर एचडी ६५० हेडफोन घेतला. चांगलाच घेतला, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण जिथून घेतला त्या दुकानात त्याला सांगितलंय की हेडफोनला जेवढे घातले तेवढेच ॲम्पला (हेडफोनला ताकद देणाऱ्या ॲम्प्लिफायरला) घातले नाहीत तर हा हेडफोन "खुलत" नाही, आणि एक व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा) ॲम्प पण दाखवलाय. पोरगं आता कर्ज काढायच्या गोष्टी करतंय, म्हणून लिहितोय. माझं मत ठाम आहे, ॲम्प किमतीवर जुळवायचाच नसतो, आकड्यावर जुळवायचा असतो.

हिशोब सोपा आहे. एचडी ६५० चा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) ३०० ओहम आणि १ व्होल्ट दिला की तो १०३ डीबी (डेसिबल) आवाज देतो. आपण घरी सरासरी ८० ते ८५ डीबीवर ऐकतो, पण नीट रेकॉर्ड केलेल्या गाण्यात तबल्याची थाप, झांजेचा ठोका असं काहीतरी त्याच्या २०-२५ डीबी वर उडी मारतं, म्हणजे धरून चला ११० पर्यंत. १०३ वरून ११० ला जायला लागतात साधारण २.२४ व्होल्ट, आणि पॉवर किती, तर १७ मिलीवॅट. वॅट नाही, मिलीवॅट! फोनला लावायच्या साध्या डोंगलमधून १ व्होल्टच्या आसपास निघतं म्हणजे तो जरा कमी पडेल हे मान्य, पण ४-५ व्होल्ट स्वच्छ देणारा छोटा ॲम्प याला पुरून उरतो. २०११ साली एका निनावी इंजिनिअरने ओ टू नावाचा ॲम्प डिझाइन करून आराखडा सगळ्यांना खुला केला, त्याचा आउटपुट इम्पिडन्स (ॲम्पचा स्वतःचा आतला अडथळा) अर्ध्या ओहमच्या जवळपास आहे आणि दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर पण चालतो, पावसात लाईट गेली तरी गाणं बंद नाही. अजून काय पाहिजे? उरलेल्या पैशात त्याने चांगली रेकॉर्डिंग घ्यावीत, पाहिजे तर बाईकचे टायर बदलावेत.

देवगड_खाडी
तुझं गणित बरोबर असेल रे, त्याला मी हात लावत नाही. पण गाणं गणितात ऐकतात का?

माझ्याकडे व्हॉल्व्हचा ओटीएल ॲम्प आहे, मधे आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाही तो प्रकार. ६०८० व्हॉल्व्ह आहे त्यात, जो मुळात व्होल्टेज रेग्युलेटरसाठी बनवलेला, आणि हेडफोन सुद्धा ३०० ओहमचाच, तुझ्या भावाच्याच घराण्यातला एचडी ६००. संध्याकाळी पडवीत बसतो, चालू करून १५ मिनिटं थांबतो, काचेत तो तांबूस उजेड धरला की मग लावतो. आमच्याकडच्या भजनाचं घरगुती रेकॉर्डिंग आहे, पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावलेली, तो "धुम्म" व्हॉल्व्हवर पोटात येतो, नुसता कानात नाही. तोच ठोका मुलाने आणलेल्या छोट्या ॲम्पवर ऐकला, ठोका आहे, पण कणीक नाही. पखवाजाशेजारी बसून चाळीस वर्षं टाळ धरलाय मी, फरक कळतो. त्या पोराला १७ मिलीवॅट सांगून गप्प करू नको, त्याला दोन्ही ऐकू दे.

भाट्ये_पुळण
काका, तुम्हाला जे ऐकू येतंय ते खरंच आहे आणि ते का येतंय तेही सांगता येतं, म्हणूनच मी आकडे आकडे करतोय. एचडी ६०० काय आणि ६५० काय, यांचा इम्पिडन्स सगळीकडे ३०० नसतो, ८०-१०० हर्ट्झच्या (खालच्या, घुमणाऱ्या सुरांच्या) आसपास तो चढून ५०० ओहमच्या घरात जातो. तुमच्यासारख्या ओटीएलचा आउटपुट इम्पिडन्स बऱ्याचदा १२० ओहमच्या आसपास असतो. आता व्होल्टेज कसं वाटलं जातं बघा, ३०० ला ४२० ने भागा, ०.७१ येतं, ५०० ला ६२० ने भागा, ०.८१ येतं. म्हणजे बरोबर पखवाजाचा डावा जिथे बोलतो तिथे तुमचा ॲम्प जवळपास १ डीबी आवाज वाढवून देतो. ती तुमची कणीक. व्हॉल्व्हचा स्वतःचा थोडा गोडवा असेलही त्यात, पण मोठा भाग हा. छोट्या ॲम्पवर इक्वलायझरमध्ये ९० हर्ट्झला १ डीबी वर करा आणि मग ऐका.

म्हणूनच तो आठव्या हिश्शाचा नियम आहे, ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाच्या आत हवा. ३०० ला ३७ ओहमपर्यंत चालेल. १२० म्हणजे ॲम्प स्वतःचं मत हेडफोनवर लादतोय.

देवगड_खाडी
लादतोय कसला! १२० ओहम हा आकडा कुणी स्वप्नात बघितलेला नाही, आयईसी ६१९३८ या आंतरराष्ट्रीय मानकातच तो होता. त्या काळी बरेच हेडफोन तेवढा इम्पिडन्स समोर आहे असं धरूनच जुळवलेले. तू जे "खरं" म्हणतोस ते पण कुणीतरी ठरवलेलंच आहे ना. आणि इक्वलायझर फिरवत बसायचं वय नाही माझं. जे यंत्र चालू केल्या केल्या बरोबर वाजतं ते माझ्यासाठी साजेसं.

वेंगुर्ला_बंदर
दोघेही एचडी ६०० घराण्याभोवतीच फिरताय आणि वाचणाऱ्याला वाटेल की सगळ्या भारी हेडफोनना हेच लागू. मी हायफायमन एचई ६ वापरतो, प्लॅनर (सपाट पातळ पडद्याचा) आहे, ५० ओहम, पण १ मिलीवॅटला फक्त ८३.५ डीबी देतो. भाट्येवाल्याच्याच पद्धतीने ११० ला न्या बघू. साडेचारशे मिलीवॅटच्या जवळ जातं, पावणेपाच व्होल्ट आणि ९५ मिलीअँपिअर करंट. कुठे १७ आणि कुठे ४५०.

माकाय वाटलेला छोटो ॲम्प पुरात. नाय पुरलो. आवाजाचं बटण शेवटपर्यंत नेलं तरी सरासरी आवाज बरा वाटायचा, पण ढोलावर टिपरू जोरात पडलं की "फट" असा कागद फाटल्यासारखा आवाज, प्रत्येक वेळी त्याच जागी. आधी वाटलं हेडफोनचा पडदा गेला. नंतर दोस्ताच्या मोठ्या ॲम्पवर लावला तर तीच जागा स्वच्छ. आणि काकांचा ओटीएल इथे उपयोगाचा नाही, तो व्होल्टेज देतो पण एवढा करंट कमी ओहमला देताना दमतो. काही लोक याला सरळ स्पीकरचा ॲम्प जोडतात ते उगाच नाही. तेव्हा "छोटा ॲम्प सगळ्याला पुरतो" हे वाक्य कुणी माझ्यासमोर बोलू नये.

भाट्ये_पुळण
मी सगळ्याला म्हटलं नव्हतं, पण तसं वाचलं जाईल हे खरं, तेव्हा तुमचं बरोबर. मात्र तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं ना, तुम्हालाही आकड्यानेच सांगितलं की मोठा ॲम्प हवा, किमतीने नाही.

यात एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः पडलोय. एचडी ६५० च्या माहितीत १०३ डीबी लिहिलेलं असतं, ऑडझीच्या एलसीडी-एक्सला पण १०३ डीबी. दोन्ही सारखे वाटतात. पण सेनहायझरचे १०३ हे १ व्होल्टला, आणि ऑडझीचे १०३ हे १ मिलीवॅटला. एलसीडी-एक्स २० ओहमचा आहे, त्याला १ व्होल्ट दिला की ५० मिलीवॅट होतात, म्हणजे तो १२० डीबीवर जातो! आकडा तोच आणि प्रत्यक्षात १७ डीबीचा फरक. मी एकदा ६५० वर ऐकता ऐकता प्लग काढून मित्राच्या एलसीडी-एक्समध्ये घातला, बटण खाली न करता, आणि हेडफोन डोक्यावरून फेकला होता. कान अर्धा दिवस वाजत होते. म्हणून भावाला पहिली गोष्ट ही सांगितली की डीबीच्या पुढे व्होल्ट आहे का मिलीवॅट ते वाच.

गुहागर_व्याडेश्वर_गल्ली
मी बरेच दिवस हे वाद नुसते वाचतेय, आज लिहिते कारण मी हे घरी करून बघितलंय.

माझ्याकडे दोन ॲम्प, एक माझा साधा आणि एक दिराचा, चौपट किमतीचा. दिराचा भारी वाटायचा, स्वर सुटा, तानपुरा मोकळा, मी चक्क त्याला सांगून टाकलं होतं की मलाही हाच घ्यायचाय. मग मल्टिमीटर आणला, ६० हर्ट्झचा टोन लावून दोन्हीचं आउटपुट व्होल्टेज मोजलं तर दिराच्या ॲम्पचं बटण मी रोज "सारख्याच" जागी ठेवत होते ते दीड डीबी वर होतं. दीड डीबी जास्त हे कानाला मोठं वाटत नाही, चांगलं वाटतं. मग एक टक्क्याच्या आत दोन्ही सारखे केले, नवरा पडद्यामागे बसून नाणं उडवून तारा बदलत होता, मी १६ वेळा ओळखायचा प्रयत्न केला. ९ बरोबर आले. १६ पैकी निदान १२ तरी यायला हवेत म्हणजे अंदाजपंचे नाही असं म्हणता येतं. ९ म्हणजे नाणंच. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी, कारण तो फरक मी मनापासून ऐकत होते.

आणि ११० डीबी ११० डीबी जे चाललंय, ते क्षणभराच्या ठोक्यासाठी आहे हे नवीन पोरांना स्पष्ट सांगा. ८५ डीबी सरासरीला आठ तास ही मर्यादा धरतात, आणि दर ३ डीबीला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोनच. ताकदवान ॲम्प हातात आला की बटण वर जातंच, माझंही गेलंय.

देवगड_खाडी
ताई, तुमचा प्रयोग मनापासून आवडला, खोटं नाही बोलत. पण दहा दहा सेकंद ऐकून गाण्याची ओळख होत नाही. डबलबारी (दोन बुवांचा भजनाचा सामना) रात्री सुरू होते ती पहाटेपर्यंत चालते, पहिल्या दहा मिनिटांत दोन्ही बुवा सारखेच वाटतात, खरा बुवा कोण ते मध्यरात्रीनंतर कळतं. माझ्या ॲम्पवर दोन तास ऐकलं तरी डोकं जड होत नाही, छोट्यावर पाऊण तासात हेडफोन काढून ठेवावासा वाटतो. हे कुठल्या मीटरवर मोजणार?

गुहागर_व्याडेश्वर_गल्ली
काका, दहा सेकंदांची सक्ती नाहीच मुळी. एक अख्खा आठवडा एक, दुसरा आठवडा दुसरा, फक्त कुठला चालू आहे ते तुम्हाला कळता कामा नये आणि आवाज मोजून सारखा केलेला हवा. तसं करून तुम्हाला ओळखता आलं तर मी इथेच येऊन मान्य करीन. पण तुमच्या ॲम्पमध्ये ती १ डीबीची भर आहे, तेव्हा तुम्ही ओळखालच असं मला वाटतं. वेगळा वाजणं आणि जास्त चांगला असणं या दोन गोष्टी निराळ्या ठेवल्या की तुम्ही आणि भाट्ये दोघं फार लांब नाही आहात.

हर्णै_वायरमन
मी गाण्यातला नाही, वायरिंगमधला. पण आपल्या किनाऱ्यावर ॲम्प खराब वाजायचं पहिलं कारण मला निराळंच दिसतं. गेल्या मे महिन्यात एका घरी बोलावलं, नवीन ॲम्प, हेडफोन लावला की सतत "घुंऽऽ". ॲम्प बदलून आणला तरी तेच. मी लॅपटॉपच्या कडेला मनगटाची मागची बाजू लावली, झिणझिण. चार्जर काढला, घरघर बंद. अर्थिंग म्हणून जांभ्यात पाइप ठोकलेला, मीठ कोळसा काही नाही, आणि मे महिन्यात तो जांभा इतका कोरडा की अर्थिंग असून नसल्यासारखं. खड्डा नीट करून घेतला, उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घालायला सांगितलं, गेली घरघर.

दुसरं म्हणजे इन्व्हर्टर. जुना स्क्वेअर वेव्हचा असेल तर ट्रान्सफॉर्मरवाला ॲम्प त्याच्यावर डब्यातल्या भुंग्यासारखा गुरगुरतो. साइन वेव्हचा घ्या. तिसरं, खारी हवा. हेडफोनचा पाव इंची प्लग पावसाळाभर ॲम्पमध्येच खुपसून ठेवला होता एकाने, काढला तर वरून काळपट आणि खाचेत हिरवी पूड. फिरवला की एक कान जातो, एक येतो. आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावून सुती कपड्याने पुसला, चालू झाला. सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद डब्यात हेडफोन ठेवा, गादीवर उघडा नको.

मिऱ्या_पोरगा
मीच तो मावसभाऊ. दादा, मी कर्ज काढत नाहीये, आईने तसं सांगितलं असेल तुला. सगळं दोनदा वाचलं. लॅपटॉपला हात लावून बघितला, आमच्याकडे पण झिणझिण येतेय, म्हणजे आधी अर्थिंग. मग छोटाच ॲम्प घेतो, पण देवगडच्या काकांनी जे कणकेचं लिहिलंय ते एकदा ऐकल्याशिवाय माझं समाधान होणार नाही. काका, दिवाळीच्या सुट्टीत आलो तर चालेल का? हेडफोन माझाच आणीन.

भाट्ये_पुळण
जा की. मी पण येतो. मल्टिमीटर घेऊन येतो, तुमच्या ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स खरंच १२० आहे का ते तिथेच मोजू. कमी निघाला तर माझं वरचं उत्तर मी इथे दुरुस्त करीन.

देवगड_खाडी
या दोघेही, जेवायलाच या. मोजा काय मोजायचं ते, पण आधी ऐकायचं, मग मोजायचं, हा क्रम माझ्या घरात बदलणार नाही. निघाल्यावर फोन करा, व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो.