ओएलईडी की क्यूएलईडी? आधी हॉलची खिडकी बघा

दादा, तुम्ही विचारलंय, हॉलसाठी ५५ इंची टीव्ही ओएलईडी घ्यावा की क्यूएलईडी. वरच्या प्रतिक्रियेत एकांनी ‘ओएलईडीला तोड नाही’ म्हटलंय. अंधाऱ्या खोलीत ते शंभर टक्के खरं. त्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो नि विझतो, त्यामुळं काळा रंग खरोखर काळा दिसतो. क्यूएलईडी म्हणजे मुळात एलसीडीच. मागं एलईडीचा प्रकाश आणि पुढं क्वांटम डॉटचा, म्हणजे रंग खुलवणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा थर. पण उजेड भरपूर देतो.

आमचं घर कोल्हापूरच्या राजारामपुरीत, हॉलची खिडकी पश्चिमेला. दुपारी चारनंतर ऊन थेट आत येतं. भावानं हौसेनं ओएलईडी आणला, आणि त्या वेळी सिनेमात रात्रीचा प्रसंग लागला की पडद्यावर खिडकीचे गज नि आमचा सोफाच दिसतो. जीव तुटतो बघा, एवढे पैसे घालून.

आणि घरात कुणी दिवसभर एकच बातम्यांचं चॅनेल लावत असेल, तर लोगोचा नि खालच्या पट्टीचा डाग ओएलईडीवर कायमचा उमटू शकतो. तसं असेल तर क्यूएलईडीच घ्या, फक्त लोकल डिमिंग, म्हणजे मागचा प्रकाश भागाभागानं मंद करायची सोय, आहे का ते विचारा. आणि दुकानात बाजूला उभं राहूनही चित्र बघा, काही पॅनेलचे रंग तिथून फिके पडतात.