आधी हात की आधी बोलणं?
मुलगी बीडीएसला, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीला निघालीय, तिनं आधी हात तयार करावा की पेशंटशी बोलायला शिकावं, असं एका ताईंनी विचारलंय. मी नाशकात पंचवटीत दातांचा दवाखाना चालवतो, म्हणून लिहितोय.

४ वर्षं नि वर्षभराची इंटर्नशिप, हे ठाऊक असेलच. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचे. मग फँटम हेड, म्हणजे पुतळ्याचं डोकं. त्याला ना लाळ, ना वळवळणारी जीभ, ना भीती! तिसऱ्या वर्षी खुर्चीत खरा माणूस बसला की हाताची निम्मी सफाई तिथंच गळते.

इंटर्न असताना पेठकडचे एक आजोबा आले. खालची दाढ काढायची होती. इंजेक्शन दिलं, ओठ बधिर झाला, मी एलिव्हेटर, म्हणजे दात सैल करायचं हत्यार, लावला आणि त्यांनी माझं मनगटच धरलं.

"दुखतंय का बाबा?"

"दुखत न्हाई, पन दाबतंय लई."

भुलीनं वेदना थांबते, दाब कळत राहतो. मला पाठ होतं, त्यांना सांगायचं राहिलं. चूक माझीच. आता आधीच सांगतो, "दाब लागेल. दुखलं तर डावा हात वर करा." आणि इंजेक्शन सावकाश, मिलिलिटरला मिनिटभर. याला कौशल्य म्हणा नाहीतर माया.

लेकीला सुट्टीत ओळखीच्या दवाखान्यात नुसतं उभं राहू द्या. दातांकडे नको, पेशंटच्या मुठींकडे बघायला सांगा. कोरायच्या सरावाला तोवर अंगाच्या साबणाची वडी चालते.