बोटीच्या स्टर्न ड्राइव्हमधनं आवाज यायलाय, गिअर गेलेत का बेअरिंग? उघडायच्या आधी कसं ओळखायचं?

लेथवाला_उद्यमबाग (बेळगाव)

नमस्कार मंडळी. माझं उद्यमबागेत जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. बोटीशी माझा आयुष्यात संबंध आला नव्हता, पण माझ्या मेहुण्याची मालवणला पर्यटकांची बोट आहे, सेकंडहँड घेतलेली, इंजिन आत आणि ड्राइव्ह मागं पाटीच्या बाहेर लटकलेला. गेले दीड महिना फॉरवर्डला टाकून रेस वाढवली की २५०० आरपीएमच्या पुढं शिट्टीसारखा बारीक आवाज यायलाय, आणि न्यूट्रलला सगळं गप्प. तिकडच्या एका मेकॅनिकनं न उघडताच सांगितलं की आतला सगळा सेट गेला, नवा टाका. खर्च ऐकून पोरगा घाबरलाय, सीझन तोंडावर आलाय आणि बँकेचा हप्ता चालू आहे.

म्हणून त्यानं ड्राइव्ह उतरवून पिकअपमध्ये घातला आणि आंबोली घाटातनं थेट माझ्याकडं आणला, आता माझ्या बेंचवर पडून आहे. ड्रेन बोल्ट काढला तर तेल दूध घातलेल्या चहासारखं आलं, आणि बोल्टच्या चुंबकावर राखाडी मलम आणि त्यात सुईच्या टोकाएवढे तीन-चार तुकडे. एक प्रश्न असा की गिअरच झिजलेत हे नक्की कसं ठरवायचं, आणि दुसरा असा की गिअर गेलेच असतील तर इथं उद्यमबागेत नाहीतर मच्छेत कापून मिळतील का? इथं गिअर करणारे आहेत म्हणून विचारायलोय.

खानापूरकर_दर्यावर

भावा, मी खानापूरचा, गोव्यात बोटीच्या यार्डात १४ वर्षं काढलीत. ड्राइव्ह उतरवायच्या आधी विचारला असतास तर पाण्यावरच बरंच कळलं असतं, तरी मेहुण्याला फोन लावून एवढं विचार. बोट पूर्ण वळवताना आवाज बदलायचा का? वळणावर खडखड किंवा घरघर वाढत असली तर क्रॉस (शाफ्टचा वळणारा सांधा) नाहीतर गिम्बल बेअरिंग (शाफ्ट पाटीतनं जातो तिथलं) धर, तिथं गिअरचा काही दोष नसतो आणि माणसं उगीच ड्राइव्ह फोडतात. सरळ चालताना जोर वाढला की शिट्टी आणि रेस सोडली की गप्प, असं असलं तर मग गिअर किंवा त्याच्या मागचं बेअरिंग. तू लिहिलेलं दुसऱ्या जातीचं वाटतंय.

न्यूट्रलला गप्प आहे ही चांगली खूण आहे. इंजिन चालू असलं की वरचा ९० अंशाचा बेव्हल सेट (फिरणं काटकोनात वळवणारी शंकूसारख्या गिअरांची जोडी) फिरतच असतो, तो खराब असता तर न्यूट्रललाही थोडी कुरकुर ऐकू आली असती. पक्कं नाही धरायचं, कारण न्यूट्रलला जोर नसतो. तुझा ड्राइव्ह कुठल्या जातीचा ते बघ. मर्क्रूझर कंपनीच्या अल्फासारख्यात डॉग क्लच (दात अडकवून गिअर जोडणारा) खाली पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, शाफ्टवर असतो, तिथं खालचा पिनियन (जोडीतला छोटा गिअर) फॉरवर्ड आणि रिव्हर्स दोन्ही गिअरांना कायम लागलेला असतो. त्यांच्याच ब्राव्होमध्ये कोन क्लच (शंकू घासून धरणारा) वर असतो. खालचा क्लच असला आणि फक्त फॉरवर्डलाच आवाज असला तर फॉरवर्ड गिअर आणि त्याचं बेअरिंग आधी बघ. रिव्हर्सला आवाज नाही म्हणून पिनियन चांगला असं मात्र समजू नको, रिव्हर्सला आपण एवढी रेस देतच नाही.

आता तेल. पांढरट तेल म्हणजे पाणी शिरलंय, याच्यात शंका नको. तरी खात्री करायची असली तर जुना तवा गरम कर आणि लांबनं दोन थेंब टाक, फोडणीत मोहरी तडतडावी तसं तडतडलं की पाणी आहे. उरलेलं तेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेव, पाणी खाली बसतंय का बघ. चुंबकावरच्या राखाडी मलमाला भिऊ नको, ते थोडंफार प्रत्येक ड्राइव्हला असतं. ते दोन बोटांत चोळून बघ, गुळगुळीत लागलं तर ठीक, टोचलं तर तुकडा. आणि तेल पांढऱ्या कापडातनं गाळ, चुंबकाला न चिकटणारी सोनेरी चमक दिसली तर बेअरिंगच्या पितळी पिंजऱ्याचा किंवा बुशचा चुरा असू शकतो.

चिकोडीचा_नावाडी

आमच्याकडं स्टर्न ड्राइव्ह नसतोय, आउटबोर्ड असतोय, पण खालचा गिअर जवळपास तसाच, पिनियन आणि दोन बेव्हल. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला पूर आला तेव्हा माणसं काढायला बोटी दिवसरात्र चालल्या, पाण्यात उसाचा पाला, दोऱ्या, तारा सगळं वाहत यायचं. त्यानंतर आमच्या एका इंजिनाचं तेल असंच पांढरं झालं. पंखा काढून बघितला तर शाफ्टला नायलॉनची दोरी गुंडाळून वितळून घट्ट बसलेली, तिनं ऑईल सील कापलेलं. त्यामुळं दादा, पंखा काढून मागचं सील आधी बघा, मालवणला तर मासेमारीच्या जाळ्यांचे धागे सगळीकडं असणार.

आणि सील टाकल्यावर तेल भरायच्या आधी हवा भरून टेस्ट करा. तेलाच्या भोकाला पंप आणि गेज लावा, १० ते १२ पीएसआयपर्यंत, त्याच्या पुढं जाऊ नका, नाहीतर सीलच बाहेर ढकललं जाईल. पाच-दहा मिनिटं काटा हलला नाही पाहिजे, शाफ्ट हातानं फिरवत राहा, साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. आम्ही हे न करता तेल दोनदा बदललं आणि दोन्ही वेळा वाया गेलं.

दाते_आणि_दर्जा (मच्छे)

मी गिअरच्याच कामात आहे म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, आणि कळकळीनं देतो. लेथवाले दादा, हे गिअर इथं कापायच्या फंदात पडू नका. साधे स्पर आणि हेलिकल गिअर हॉबिंगवर होतात, ते इथं कुणीही करून देईल. हे स्पायरल बेव्हल, यांचं मशीन वेगळं, कापल्यावर केस हार्डनिंग (वरचा थर कठीण करणं), आणि शेवटी पिनियन आणि गिअर एकमेकांवर घासून जोडी जुळवतात. म्हणून बदलायचे तर जोडीनंच बदलायचे, जुन्या पिनियनला नवा गिअर लावला की थोड्या दिवसांत परत शिट्टी. तुटलेल्या दातावर वेल्डिंग करून द्यायला कुणी तयार झाला तर त्याच्या दारातनं परत या, कठीण थर जळून जातो आणि तो दात समुद्रात माणसं असताना तुटेल.

आता झीज बघायची कशी. उघडताना प्रत्येक शिम (अंतर जुळवायची पातळ चकती) ज्या जागेवरनं निघाली तिथली चिठ्ठी लावून तारेत ओवून ठेवा, मिसळल्या की सगळा अंदाज गेला. दाते रॉकेलनं धुवा, पुसा, आणि टॉर्च आडवा धरून एकेक दात बघा, समोरनं उजेड मारला तर खड्डे दिसत नाहीत. दातावर घासून आरशासारखा चमकणारा पट्टा ही रोजची झीज, ती चालते. बारीक टाचणीचे ठोके मारल्यासारखे खड्डे म्हणजे पिटिंग सुरू, आणि पापुद्रा उडालेला असला तर तो गिअर गेला. उभे ओरखडे असले तर तेलाचा थर तुटून धातू धातूला घासलाय. बेअरिंगच्या रेसवर (रोलर फिरतात त्या कड्यावर) रोलरच्या अंतरानं काळ्या रेषा असल्या तर बोट उभी असताना पाणी तिथं साचून गंज चढलाय, ही खूण मात्र चुकवू नका.

मग दातांना मार्किंग ब्लू (दात कुठं टेकतात ते दाखवणारा निळा रंग) लावून, पंख्याच्या शाफ्टला हातानं थोडा अडसर देऊन गिअर फिरवा. ठसा दाताच्या मधोमध, किंचित आतल्या टोकाकडं यायला पाहिजे. एकदम बाहेरच्या कडेला किंवा दाताच्या शेंड्यावर आला तर गिअर जागेवरनं सरकलेत. बॅकलॅश (दातांमधली मोकळी हालचाल) डायल गेजनं चार-पाच ठिकाणी घ्या, आकडा त्या ड्राइव्हच्या मॅन्युअलमधलाच धरा. सगळीकडं सारखा आणि जास्त असला तर झीज किंवा बेअरिंग, एका बाजूला कमी एका बाजूला जास्त असला तर शाफ्ट वाकलाय का बघा, शाफ्ट टेकवायला व्ही-ब्लॉक तुमच्याकडं असणारच.

लेथवाला_उद्यमबाग (बेळगाव)

मंडळी, चार दिवस लागले पण सगळं केलं. मेहुणा म्हणाला वळताना आवाज बदलत नव्हता. तव्यावर तेल चांगलंच तडतडलं, बायकोनं तवा परत घेतला नाही, तो आता वर्कशॉपचा. पंखा काढला तर शाफ्टवर हिरव्या जाळ्याचा धागा, वितळून बांगडीसारखा कडक झालेला, ब्लेडनं कापून काढावा लागला. त्याच्याखाली सीलची कड फाटलेली.

आत फॉरवर्ड गिअरच्या मागच्या बेअरिंगच्या रेसवर, दाते_आणि_दर्जा म्हणाले तशाच काळ्या रेषा, अगदी मोजून ठेवल्यासारख्या अंतरावर, आणि दोन ठिकाणी पापुद्रा उडालाय. चुंबकावरचे तुकडे तिथलेच. ब्लूचा ठसा सगळा बाहेरच्या कडेला. म्हणजे पाणी आलं, बेअरिंग गंजलं, गिअर सरकला, मग शिट्टी. फॉरवर्ड गिअरच्या सहा दातांच्या कडेला पिटिंग आहे, पिनियनलाही थोडं. वरचा सेट एकदम स्वच्छ, हात लावायची गरज नाही. खालची जोडी, बेअरिंगं आणि सगळी सीलं एवढंच मागवलंय, त्या मेकॅनिकच्या आकड्याच्या निम्म्याच्या आत बसलं. शाफ्ट डायलवर लावला, सरळ आहे.

शिम कुठनं सुरू करायच्या, पिनियनपासनं की गिअरपासनं?

दाते_आणि_दर्जा (मच्छे)

आधी पिनियनची उंची, ती मॅन्युअलप्रमाणं बसली की मग गिअरच्या शिम घालून बॅकलॅश. उलटं केलं तर दिवसभर फिरत राहाल. शेवटी परत ब्लू लावून ठशाचा फोटो इथं टाका, मी बघतो.

खानापूरकर_दर्यावर

आणि मेहुण्याला सांग, पहिले काही तास फुल थ्रॉटल नको, एकाच रेसवर तासभर चालवायची नाही, वेग कमीजास्त करत राहायचं. साधारण २० तासांनी तेल काढून चुंबक पुसून बघायचा. आणि महिन्यातनं एकदा पंखा उतरवून धागा काढायचा, पाच मिनिटांचं काम आहे.